आधी वाच, मग चाव

दिगंबररावांच्या चटणीत दाण्याचा कूट मी कालवला होता. हे वाक्य आज पहिल्यांदा लिहितो आहे. आईला सांगितलं नाही, बायकोला सांगितलं नाही. एकदा देवापुढं सांगावं म्हणून बासरच्या सरस्वतीपर्यंत गेलो होतो, पण रांगेत मागं ऑफिसचाच माणूस उभा राहिला, तेव्हा नुसता नमस्कार करून आलो.

पण एवढ्यावर थांबलो तर दिगंबरराव कोण ते कळणार नाही, आणि चमचाभर कुटात एवढं काय असतं हेही कळणार नाही. म्हणून बयान सुरुवातीपासून देतो. 'बयान' हा शब्दही त्यांचाच.

तेव्हा आमचा भाग आंध्र प्रदेशात होता. एसटीडीचे पिवळे बूथ नुकते आले होते. आदिलाबाद जिल्ह्यात भैंशाला एका सरकारी ऑफिसात मी ज्युनिअर असिस्टंट म्हणून लागलो. ऑफिसचं नाव कशाला, त्याचा यात काही गुन्हा नाही. कापसाच्या दिवसांत जिनिंगची रुई उडून आमच्या फायलींवर बसायची आणि दिगंबरराव सावरगावकर ती फुंकून फुंकून उडवायचे. ते रेकॉर्डकीपर होते. उंच, थोडे वाकलेले, आणि गळ्यात फायलीच्या लाल नाडीला बांधलेलं एक भिंग. भिंग सरकारी होतं, जुने नकाशे वाचायला आलेलं. नकाशांपेक्षा त्यातून बिस्किटांचे पुडेच जास्त वाचले गेले.

कारण असं की दिगंबररावांना शेंगदाणा चालत नव्हता. आवडत नव्हता असं नव्हे. अर्धा दाणा जरी पोटात गेला तरी ओठ सुजायचे, अंगावर गांधी उठायच्या, घसा आवळायचा. लहानपणी संक्रांतीच्या चिक्कीवर दोनदा मरता मरता वाचले, एवढंच त्यांच्या बालपणाबद्दल मला माहीत आहे.

आमच्या भागात हे कुणाला सांगायची सोय नव्हती. एखाद्याला दारू चालत नाही, मटण चालत नाही, सासरा चालत नाही, हे लोक समजून घेतात. दाणा चालत नाही म्हटलं की हसतात. मराठी घरी जेवायला जावं तर भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, आणि उपास धरला तर कुटाशिवाय काहीच नाही. तेलुगू हॉटेलात जावं तर इडलीबरोबर पल्लीची चटणी. पल्ली म्हणजे शेंगदाणाच. एकीकडून कूट, दुसरीकडून पल्ली, आणि मधे आमचे दिगंबरराव, भिंग घेऊन उभे.

बसस्टँडसमोरच्या इडलीवाल्याशी त्यांचा संवाद आम्ही मुद्दाम ऐकायला जायचो.

"पल्ली उन्नदा?" दिगंबरराव विचारायचे. आहे का.

"कोंचेम, सार." थोडीशी.

"कोंचेम म्हंजे किती? मराले कोंचेमच लागते मले!"

मग शर्टाच्या खिशातून ते छोटी बाटली काढायचे. तीत त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, केलेली डाळ्याची चटणी असायची. इडलीवाला नव्या गिऱ्हाइकांना ओळख करून द्यायचा, "हे आमचे बाटली सार."

बाहेरचं खाणं बंद केलं तर एक वेळ चाललं असतं. पण दिगंबररावांना खाण्याची भारी हौस. विशेषतः पाकिटातलं. पाकिटावर घटक छापलेले असतात, आणि छापलेल्या कागदावर त्यांचा फार विश्वास होता. जन्म रेकॉर्डरूममधे गेलेला माणूस. "हॉटेलवाल्याच्या जिभेले शिक्का नसते," म्हणायचे. "पाकिटाले असते."

चारच्या चहाला कुणी पुडा आणला की तो आधी त्यांच्याकडं जायचा. अटेंडर यादगिरी तो दोन्ही हातांनी नेऊन द्यायचा, फाइल सहीला न्यावी तसा. मग दिगंबरराव भिंग लावून मोठ्यानं वाचायचे. मैदा, साखर, मीठ, खाद्य वनस्पती तेल. इथं थांबायचे.

"वनस्पती तेल. कोणती वनस्पती? बाभूळ? येरंडी?"

"काका, चहा थंड होऊन राह्यला," मी म्हणायचो.

"चहा पुन्हा गरम होते, मनोहरा. माणूस होत नाई. आधी वाच, मग चाव."

हे त्यांचं ब्रीद होतं. दिवसातून तीनदा तरी म्हणायचे. केळं हा त्यांच्या मते जगातला एकमेव भरवशाचा पुडा. "देवानं वेष्टन घातलं, त्याच्यावर काई छापलं नाई, अन् तरी आत तेच निघते." एकादशी ते केळ्यांवर काढायचे. गावात एकादशी खरोखर उपाशी करणारे ते एकटेच असावेत.

वाचून झालेलं प्रत्येक वेष्टन ते जपून ठेवायचे. रेकॉर्डरूमच्या खालच्या फळीवर त्याची एक जाड मिसल, म्हणजे फाइल, होती. प्रत्येक वेष्टनाला नंबर, शेरा आणि सही. शेरे तीन प्रकारचे. 'खाण्यास हरकत नाही.' 'खुलासा मागवावा.' 'गैरहजर घटकाचा संशय.' या तिसऱ्या शेऱ्यातली वेष्टनं लाल दोऱ्यानं वेगळी बांधलेली.

खुलासा ते खरोखर मागवत. पोस्टकार्डावर, कंपनीच्या पत्त्यावर, मराठीतून आणि खाली इंग्रजीतून. 'आपल्या बिस्किटात नमूद खाद्य वनस्पती तेल हे कोणत्या वनस्पतीचे, याचा खुलासा परतीच्या टपाले करावा ही विनंती.' बहुतेक कंपन्या गप्प बसत. एका कंपनीनं मात्र आभाराचं छापील पत्र पाठवलं आणि सोबत भेट म्हणून बिस्किटांचा मोठा खोका. सगळं ऑफिस गोळा झालं. दिगंबररावांनी खोका उघडला, वरचा पुडा भिंगाखाली धरला आणि हळूच खाली ठेवला. दाण्याची बिस्किटं होती.

"जीव घ्याले निघाले," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आदर होता. इतकं नेमकं उत्तर त्यांना तोवर कुणी दिलं नव्हतं. त्यांनी खोक्याला दोरी बांधली, लाख लावली, ऑफिसचा शिक्का उठवला आणि मिसलीत नोंद केली. बिस्किटं आम्हाला मिळाली नाहीत. यादगिरीला याचं दुःख पुढं कित्येक वर्षं होतं.

रेकॉर्डरूमच्या लोखंडी कपाटाच्या आतल्या बाजूला त्यांनी एक कागद डकवला होता. मराठी, तेलुगू आणि इंग्रजीत. वर मथळा, 'माझे तोंड सुजल्यास.' खाली कलमं:

'१. घाबरू नये.
२. कांदा हुंगवू नये. जोडाही हुंगवू नये.
३. पाणी पाजू नये. पाय उंच करून आडवे निजवावे.
४. विलंब न करता दवाखान्यात न्यावे व खालील इंजेक्शन द्यावे असे डॉक्टरांस सांगावे.
५. काही होत नाही असे म्हणणाऱ्या इसमास बाजूला करावे.'

इंजेक्शनचं नाव लाल शाईत, खाली सही आणि गोल शिक्का. आम्ही नव्या माणसाला ऑफिस दाखवताना हा कागद दाखवायचो आणि पाचव्या कलमावर हसायचो. मी तर जास्तच. कारण मला वाटायचं, हे सगळं खूळ आहे. एवढाएवढा दाणा, आणि एवढा मोठा माणूस.

नुसतं खूळ वाटलं म्हणून मी ते केलं, असं लिहिलं तर अर्धंच बयान होईल. मला त्यांचा रागही होता. त्याचं कारण निर्मल गावी घडलं.

माझे वडील लवकर गेले. मुलगी पाहायला जायचं तर वडीलधारं कुणी हवं, म्हणून आईनं दिगंबररावांना विनवलं. ते कडक इस्त्रीचा सदरा घालून आले. भिंगही आलं. मुलीच्या घरी पोहे आले. पोह्यांत दाणे.

"ह्याच्यात दाणे दिसून राह्यले," दिगंबरराव म्हणाले.

मुलीचे वडील खुलले. "भरपूर घातले. आमच्याकडं हात आखडता नसते."

"दाणे येचून काढता येतीन. पण तेल कोणतं?"

"तेल?"

"डबा दाखवता का?"

मी पायाच्या अंगठ्याकडं पाहत होतो. मुलीचे वडील म्हणाले, "तुमी मुलगी पाहाले आले का तेलाचा डबा?"

"दोनी पाहू ना. आधी डबा."

तेवढ्यात मुलगीच आतून डबा घेऊन आली. पंधरा किलोचा पत्र्याचा. तो तिनं दिगंबररावांसमोर ठेवला आणि वाकून, हसू दाबत, मोठ्यानं वाचलं, "शुद्ध भुईमूग तेल." ती ज्या तऱ्हेनं हसू दाबत होती, ते पाहून माझं मन तिथंच ठरलं. असं घर, असं हसू, अजून काय पाहिजे.

दिगंबररावांचं लक्ष मात्र डब्यावर. त्यांनी भिंग लावून सगळ्या बाजू फिरवून पाहिल्या. "तारीख पुसल्यासारखी दिसते," म्हणाले. "कवा घेतला?"

तिसऱ्या दिवशी निर्मलहून पत्र आलं. 'आम्हाला सोयरे पाहिजेत, फूड इन्स्पेक्टर नको.'

मी ते पत्र घेऊन रेकॉर्डरूममधे गेलो. वाटलं होतं, त्यांना वाईट वाटेल, ते निर्मलला जाऊन माफी मागतील. त्यांनी पत्र वाचलं, दोनदा वाचलं, आणि म्हणाले, "बरंच झालं, मनोहरा. भुईमुगाच्या तेलाचं घर. तुह्या लग्नात मी काय जेवलो असतो?"

मी पत्र परत घेऊन जागेवर आलो. मला बोलता येत नाही, तेव्हाही येत नव्हतं. बोलता येत असतं तर तिथंच भांडलो असतो आणि पुढचं टळलं असतं.

दोन महिन्यांनी काकू लेकीच्या बाळंतपणाला नांदेडला गेल्या. दिगंबररावांचा डबा त्यांच्या स्वतःच्या हातचा झाला. ज्वारीची जाड भाकर आणि विकतची कारळ्याची चटणी. ही चटणी नरसय्या नावाचा एक माणूस जिनिंगच्या मागं शेडमधे करायचा आणि पाकिटात भरून विकायचा. पाकिटावर तेलुगूत आणि मराठीत कागद चिकटवलेला: कारळे, लसूण, तिखट, मीठ. चारच घटक. दिगंबररावांनी त्यावर शेरा मारला होता, 'खाण्यास हरकत नाही. नमुनेदार.'

त्या दुपारी ते जेवायला बसले आणि हात धुवायला उठून मागं गेले. पाकीट उघडं. यादगिरी पाणी आणायला गेलेला. माझ्या डब्यात आईनं दिलेला दाण्याचा कूट होता. मी एक चमचा भरून त्यांच्या पाकिटात टाकला, बोटानं कालवला, आणि जागेवर येऊन बसलो. कारळ्याची चटणी काळीभोर असते. त्यात काही दिसलं नाही.

मी एक वाक्यही तयार ठेवलं होतं. चारच्या चहाला सगळ्यांसमोर म्हणायचं, "काका, दुपारी तुम्ही चमचाभर दाणे खाल्ले. काय झालं?" मग सगळे हसतील, तेही हसतील, आणि निर्मलला पत्र लिहितील. इतकं सोपं मी धरून चाललो होतो.

ते आले. नेहमीप्रमाणं पाकीट मोठ्यानं वाचलं. कारळे, लसूण, तिखट, मीठ. भाकरीचा तुकडा मोडला. दुसऱ्या घासाला ओठ पुसला. तिसऱ्या घासाला थांबले. माझ्याकडं पाहून त्यांनी विचारलं, "मनोहरा, माह्या वाचण्यात काई राह्यलं का रे?"

त्यानंतर त्यांना बोलता आलं नाही.

ओठ बघता बघता सुजले. डोळे बारीक झाले. कुणीतरी म्हणालं, "उष्णतेनं झालं, काई होत नाई." कुणीतरी कांदा आणायला धावलं. मी कपाटाकडं धावलो. तो कागद, ज्याच्यावर मी सगळ्यात जास्त हसलो होतो, मी मोठ्यानं वाचत सुटलो. कलम दोन, कांदा फेकून दिला. कलम तीन, यादगिरीच्या हातातला पाण्याचा पेला काढून घेतला. कलम चार, जीप काढली. कलम पाच, तर मी आमच्या साहेबांनाच ढकललं. पुढं आठ दिवस साहेब माझ्याशी बोलले नाहीत.

जीपमधे मागच्या बाकावर त्यांना आडवं करून पाय माझ्या मांडीवर घेतले होते. त्यांनी खुणेनं पेन मागितलं. मला वाटलं, काकूंना निरोप. मी तळहात पुढं केला. त्यांनी माझ्या हातावर वेडंवाकडं लिहिलं, 'पुडा जप.'

इंजेक्शन दिल्यावर तासाभरात श्वास मोकळा झाला. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हाती काही नव्हतं. कागद वाचणाऱ्याचं त्यांनी कौतुक केलं. माझं. संध्याकाळी मी खाटेजवळ गेलो, तेव्हा दिगंबररावांचं तोंड भोपळ्याएवढं होतं, आणि त्या भोपळ्यातून पहिला शब्द आला, "भिंग?"

मी पुडा जपला होता. फेकून देता आला असता. पण त्यांनी माझ्यावर सोपवला होता, आणि सोपवलेला कागद हरवायचा नाही हे त्यांनीच शिकवलं होतं. त्यांनी उशीला टेकून ती चटणी भिंगाखाली धरली. बराच वेळ पाहिलं.

"हे पाह्य. पांढुरका कण. ह्यो कारळा नाई."

"नाही," मी म्हणालो.

"म्हंजे वाचण्यात नाई राह्यलं. लिहिण्यात राह्यलं." ते इतके खूश झाले की नर्स धावत आली.

त्यांना मरणाची भीती वाटली नव्हती. आपलं वाचणं चुकलं असेल, याची वाटली होती. वाचण्यावर भरवसा नसता तर त्यांना या जगात केळ्यापलीकडं काहीच खाता आलं नसतं. मी त्यांच्या जिवाशी खेळलो, आणि वर त्यांच्या वाचण्याशीही. हे मला त्या खाटेशी उभं राहून कळलं. आणि मी गप्प राहिलो.

आठवड्यानं आम्ही नरसय्याच्या शेडमधे गेलो. दिगंबरराव पुढं, भिंग छातीवर. मागं मी, पुडा घेऊन. 'गवाह' म्हणून मला नेलं होतं.

नरसय्या माझ्याहून फार मोठा नव्हता. खांद्यावर टॉवेल, हात कोपरापर्यंत काळे. त्याला मराठी येत होतं, पण घाबरला की तेलुगूत जायचा. "देवुडि तोडु, सार," तो गळ्याला हात लावून म्हणाला. देवाशपथ. "पल्ली नाई टाकलो आमी. कागदावर नाई म्हंजे नाई. कागद खोटा नाई लावलो."

दिगंबररावांनी मुआयना सुरू केला. कारळ्यांची पोती, लसणाच्या टोपल्या, उखळ. सगळं स्वच्छ. मला वाटलं, आता हे सुटेल. काही सापडणार नाही, आणि आम्ही घरी जाऊ. मग त्यांनी चुलीवरच्या कढईकडं बोट दाखवलं. भली मोठी लोखंडी कढई, बुडाला घासून घासून आरशासारखी झालेली.

"हिच्यात आणखी काय भाजता?"

नरसय्यानं आतल्या दाराकडं पाहिलं. आतून त्याची बायको हळूच म्हणाली, घरच्यापुरती पल्ली सकाळी हिच्यातच भाजते, मग धुऊन कारळे.

नरसय्या मटकन खाली बसला. खांद्यावरचा टॉवेल काढून त्यानं हातात घेतला. "तप्पु अयिंदि, सार," म्हणाला. चूक झाली. "माझ्या हातानं मानूस मेला असता." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. चहाच्या वेळेसाठी तयार केलेलं तेच वाक्य, थोडं बदलून. दिगंबरराव माझ्याकडं वळले. "मनोहरा, तुले काय वाटते? कढईच ना?"

"कढईच, काका," मी म्हणालो.

चमचा टाकताना मी अडाणी होतो. 'कढईच' म्हणताना नव्हतो.

दिगंबररावांच्या डोक्यात मात्र त्या दिवशी मोठा उजेड पडला. परत येताना ते वाटेत थांबून थांबून बोलत होते. "इतकी वर्षं मी काय घातलं तेच वाचत होतो रे! कशात केलं ते कोण लिहिते? कढई कोणी लिहीतच नाई!" एका म्हशीला वाट द्यायची राहिली, तिनं त्यांना ढकललं, तरी त्यांचं बोलणं थांबलं नाही.

नरसय्यानं ती कढई भंगारात दिली. ती त्याच्या आईची होती हे मला नंतर कळलं. त्याची आई याच कढईत कारळे भाजून, डोक्यावर टोपली घेऊन, आठवडी बाजारात चटणी विकायची. त्यावर त्याचं घर उभं राहिलं होतं. त्यानं नवी कढई आणली आणि दिगंबररावांनी मजकूर करून दिला तसा पाकिटाच्या कागदावर पाचवी ओळ छापली: 'ह्या कढईत पल्ली भाजत नाही.'

गावात आधी हसू झालं. लोक दुकानात जाऊन मागायचे, "ते पल्ली न भाजलेल्या कढईचं द्या." मग तेच नाव पडलं, कढईवाली चटणी. धंदा वाढला. दिगंबरराव हे सगळ्यांना अभिमानानं सांगायचे. नरसय्या त्यांना पाहिलं की उठून उभा राहायचा आणि जुन्या चुकीसाठी दर खेपेला हात जोडायचा. मी त्या गल्लीनं जाणं सोडलं.

कंपन्यांना जाणारी पोस्टकार्डंही बदलली. आता खुलासा असा असायचा: 'आपल्या यंत्रातून या बिस्किटांच्या आधी काय गेले होते?' एकाही कंपनीनं उत्तर दिलं नाही. दिगंबरराव म्हणायचे, "इचार करून राह्यले असतीन." रिटायर झाले तेव्हा सरकारी भिंग त्यांनी पावती घेऊन परत केलं आणि दुसऱ्या दिवशी निझामाबादहून स्वतःचं विकत आणलं.

माझी बदली, बढती, लग्न सगळं रीतसर झालं. बायको चांगली मिळाली. तिच्या माहेरी पोहे करडीच्या तेलात होते. दिगंबररावांनी डबा पाहून होकार दिला, आणि या खेपेला मुलीकडच्यांना आधीच कल्पना दिलेली होती.

बऱ्याच वर्षांनी मी उटनूरला असताना एक दिवस ते ऑफिसच्या दारात उभे. सत्तरी ओलांडलेली, बसनं दोनदा गाडी बदलून आलेले. अंगावर धूळ, हातात प्लास्टिकची पिशवी. पिशवीत एका मोठ्या कंपनीच्या बिस्किटाचं वेष्टन.

"वाच," ते म्हणाले. पाणीसुद्धा घेतलं नाही. "खालून तिसरी ओळ."

मी वाचलं. इंग्रजीत, बारीक अक्षरांत छापलं होतं की हा माल जिथं तयार होतो तिथं शेंगदाण्याचे पदार्थही तयार केले जातात.

"छापली!" ते ओरडले. फॉरेस्टच्या कामाला आलेली माणसं वळून पाहू लागली. "माही कढई छापली त्याहिनं! नरसय्याची कढई कुठल्या कुठं पोचली, पाह्य! तू गवाह होता. म्हणून पयले तुह्याकडे आलो."

त्यांनी सगळ्या ऑफिसला पेढे वाटले. एकेकाला कागद दाखवून समजावून सांगितलं. मी हसत होतो. त्यांची एवढी मोठी गोष्ट खरी होती. कढईतून कण जातात, जगानं ते मान्य केलं होतं. फक्त त्या एका दिवशी, त्या एका कढईतून काही गेलं नव्हतं. हे सांगायचं तर त्यांच्या हातातला तो कागद काढून घ्यावा लागला असता. मी तसं स्वतःला सांगितलं. खरं तर मला भीती वाटली.

शेवटचं पाहिलं ते भैंशात, त्यांच्या घरी. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. ओसरीवर खुर्चीत बसले होते, गळ्यात भिंग तसंच. माझा आवाज ओळखला.

"आला का मनोहरा? बरं झालं. आठ दिवसांपासून हा पुडा पडून हाय."

"सूनबाई वाचत नाहीत का?"

"वाचते. पण ते मधली ओळ गाळते," ते हळू आवाजात म्हणाले. "पोरगा म्हंते, बाबा, खा, काई होत नाई. कलम पाच!" आणि हसले. "तुह्यासारखं कोणी वाचत नाई. तू त्या दिवशी कागद नीट वाचला, म्हणून मी हाय."

मी पुडा हातात घेतला. कंपनीचा पत्ता, वजन, तारीख, सगळं वाचलं. घटक एकेक करून दोनदा वाचले. शेवटची ओळही वाचली. दाणा कुठंच नव्हता, कढईतही नव्हता. माझा आवाज कापत होता. त्यांना वाटलं, अक्षर बारीक असेल. त्यांनी चाचपून स्वतःचं भिंग माझ्या हातात दिलं.

"चावू का?" त्यांनी विचारलं.

"चावा, काका."

त्यांनी बिस्किट तोंडात टाकलं. आंधळे डोळे मिटून घेतले आणि सावकाश, चवीनं खाल्लं. दुसरं मागितलं.

त्या थंडीत ते गेले. म्हातारपणानं गेले. दाण्याशी संबंध नव्हता, हे मी त्यांच्या मुलाकडून दोनदा विचारून घेतलं. त्यांना सांगायचं राहिलं, आणि ते आता राहिलंच.

नरसय्या आहे. शेडच्या जागी पक्कं दुकान झालं आहे, लेक पाहते. तो दारात खुर्ची टाकून बसतो. पाकिटावर पाचवी ओळ अजून छापतात. मागच्या महिन्यात मी दुकानासमोरून दोनदा गेलो, पायरी चढलो नाही. तो मला अजूनही दिगंबररावांचा गवाह म्हणून ओळखतो आणि हात जोडतो.

त्याला मी एक वाक्य देणं लागतो. नरसय्या, तुझ्या आईच्या कढईत काही नव्हतं, कूट माझा होता. ते त्याच्यासमोर उभं राहून, तेलुगूत बोलायचं आहे. अजून बोललेलो नाही.